साडेतीन आणे

रविवारी मी मातोरीच्या फाट्यावर उतरतो
आणि जमेनिसांच्या बागेला वळसा घालून
पुन्हा त्याच फाट्यावर येतो.
प्रदक्षिणा म्हणू नका.
प्रदक्षिणेच्या मध्ये देव लागतो,
इथे मध्ये एक कोरडा हौद आहे
आणि घोड्यांच्या पागेत द्राक्षांचे क्रेट, छपरापर्यंत.

डावीकडून निघायचं. ही सवय साखळीची.
हद्दीचा पहिला दगड चिंचेखाली.
मीच रोवलेला. कुणीतरी त्याला शेंदूर फासलाय,
दर खेपेला थोडा जास्त.
मी हात जोडत नाही,
पण बुटाची नाडी तिथेच वाकून बांधतो.

पौषातली सकाळ.
बागांमध्ये रात्रभर पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर
अजून मण्यांना धरून बसलेला.
पेठ-सुरगाण्याच्या बाया घडांना कागद बांधताहेत.
एकीच्या मोबाइलवर कुणीतरी भांडतंय,
बाकीच्या ऐकताहेत, हात न थांबवता.
रामशेज आज आहे. मागच्या रविवारी नव्हता.

बारवेपाशी जरा टेकतो.
पूर्वी बावीस पायऱ्या मोजता यायच्या,
तेविसावी पाण्यात.
आता तीसही मोजता येतात.
सातबारावर एकोणीस जमेनीस आहेत,
पुण्यात, बडोद्यात, एक तर टोरांटोला.
राहतात इथे खारी.
त्यांचं नाव अजून लागलेलं नाही.

मग शिवरस्ता.
दोन्ही अंगांना घायपात, तारेवर कोतवाल,
आणि अशी शांतता की स्वतःचा श्वास
मागून कुणी येतंय असा वाटावा.
इथे गाड्या येत नाहीत.
येऊच शकत नाहीत.
इथे मी तिरका होऊन चालतो.

एक्याऐंशी साली या बागेची मोजणी माझ्याकडे आली.
साखळीच्या दुसऱ्या टोकाला लहानू बेंडकोळी,
अनवाणी, दातांत काडी.
साखळी ताणली की "भरली!" म्हणून असा ओरडायचा
की चिंचेवरचे कावळे उडायचे.
तीन दिवस. सत्तेचाळीस दगड.
चौथ्या दिवशी फिरून पहिल्या दगडाशी आलो
तर नकाशाची दोन टोकं जुळेनात.
लहानूचा पाय दगडावर होता,
कागदावर मात्र आम्ही दोघं
साडेतीन आणे बाहेर उभे.

"जिमीन झोपंत कूस बदलती, सायेब," तो म्हणाला.
"परत मोजू."

चार वाजले होते. जमेनिसांची जीप
इंजिन बंद न करता उभी होती.
साडेतीन आणे म्हणजे किती?
एक बैलगाडी जाईल एवढी जागा.
रस्त्याला वारस नसतो.
रस्ता अपिलात जात नाही.
मी पेन्सिलीला टोक केलं
आणि रेघ हळूच रस्त्यावर सरकवली.
टोकं जुळली. सही. शिक्का.
लहानूने साखळी गोळा केली, एकेक कडी,
आणि नाशिक येईपर्यंत बोलला नाही.
पुढे त्याची बदली झाली की माझी,
आता आठवत नाही. मला वाटतं माझीच.

आज समोरून गवताचा भारा आला.
भाऱ्याखाली बाई होती.
मी घायपातात सरकलो, ती अंग चोरून गेली,
गवत माझ्या चष्म्यावरून खरखरत.
"आरुंद हाये रस्ता, बाबा," भाऱ्यातून आवाज आला,
"पहिल्यापसून."

पहिल्यापासून नाही, बाई.
हे मी म्हणालो तेव्हा
ती कधीच ओढ्यापलीकडे होती.

फाट्यावर मोबाइल खिशात थरथरला.
चार किलोमीटर सातशे. फेरी पूर्ण.
हिरवी रेघ हिरव्या रेघेला जाऊन चिकटली,
एक केसही अंतर नाही.
त्याला आण्यांतलं कळत नाही.

बसला अजून वीस मिनिटं.
कोपरावर ओरखडा उठलाय, त्याला थुंकी लावतो.
टपरीवाला विचारतो, काटा लागला काय?
हो म्हणतो. अर्धा चहा सांगतो.